सुताराची लेक मेरी ॲनिंग

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमीच येतात. जिजाऊमाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांच्याविषयी आपल्या भगिनींनी इतके मनापासून लिहिले आहे की मी त्यात काय भर घालणार! म्हणून या वर्षी मी एका परदेशी बाईची हकीकत लिहावयास घेतली आहे. ही बाई राणी नव्हती, कोणा मोठ्या माणसाची पत्नी नव्हती, शाळाकॉलेजात शिकलेली नव्हती. सुताराची मुलगी, जन्मभर अविवाहित, आणि पोटासाठी समुद्रकाठचे दगड विकणारी. पण आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत तिने शोधलेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. तिचे नाव मेरी ॲनिंग.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रीजिस म्हणून एक लहानसे गाव आहे. समोर समुद्र आणि पाठीशी चुनखडी व काळपट मातीचे थरावर थर असलेले उंच कडे. हे थर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या काळी तेथे समुद्र होता. त्यातले प्राणी मेले, तळाच्या गाळात गाडले गेले, आणि लक्षावधी वर्षांनी त्यांच्या हाडांचा दगड झाला. थंडीपावसात कडे ढासळतात आणि हे दगड झालेले प्राणी उघडे पडतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. यातला एक प्रकार आपल्या अगदी देवघरातला आहे. गंडकी नदीतून येणारा शाळिग्राम, ज्याच्या अंगावर चक्र उमटलेले असते, तो अशाच एका प्राचीन शंखधारी प्राण्याचा जीवाश्म आहे. लाइमच्या किनाऱ्यावर अशी चक्रे पुष्कळ सापडत. आपण त्यांची पूजा करतो, तेथील लोक त्यांना वेटोळे घातलेले साप समजत. ज्याची त्याची श्रद्धा!

मेरीचा जन्म २१ मे १७९९ रोजी या गावात झाला. बापाचे नाव रिचर्ड. तो लाकडी कपाटे वगैरे करणारा कारागीर होता. आईचे नावही मेरीच, पण तिला मॉली म्हणत. या जोडप्याला दहाएक मुले झाली, त्यांतील जोसेफ व मेरी ही दोनच जगली. मेरीच्या आधी एक मुलगी झाली होती, तिचेही नाव मेरी. ती चार वर्षांची असताना घरात कपड्यांनी पेट घेऊन गेली. पुढल्या वर्षी ही जन्मली, तिला गेलेल्या मुलीचेच नाव ठेविले. ते नाव पुन्हा हाक मारताना त्या आईच्या मनाला काय वाटत असेल, ते बायकांना सांगावयास नको.

मेरी सव्वा वर्षाची असताना आणखी एक प्रसंग घडला. ऑगस्ट १८०० मध्ये गावाबाहेरच्या मैदानावर घोड्यांचे खेळ आले होते. शेजारची एक बाई तिला कडेवर घेऊन पाहावयास गेली. एकाएकी पाऊस आला. ती आणि आणखी दोघी एका झाडाखाली उभ्या राहिल्या. झाडावर वीज पडली. तिघीही जागच्या जागी गेल्या. पोर मात्र निपचित पडलेली होती, तिला घरी नेऊन ऊन पाण्याने न्हाऊ घातले तेव्हा ती शुद्धीवर आली. आधी किरकिरी असलेली पोर विजेनंतर तल्लख झाली, असे गावात म्हणत. मला हे काही खरे वाटत नाही. मुलीची हुशारी मान्य करावयाची वेळ आली की लोकांना वीज पडावी लागते!

रिचर्ड ॲनिंग सुट्टीच्या वेळी कड्याखाली जाऊन जीवाश्म वेचीत असे आणि घरापुढे टेबल मांडून ते विकीत असे. त्या वेळी नेपोलियनशी लढाई चालू होती, त्यामुळे श्रीमंत इंग्रजांना युरोपात हवापालटाला जाता येत नसे. ते आपल्याच देशातील समुद्रकाठच्या गावांना येत, आणि जाताना आठवण म्हणून काहीतरी विकत नेत. मुले बापाबरोबर जाऊ लागली. कोणता दगड ठोकावयाचा, कोणता तसाच राहू द्यावयाचा, भरती येण्यापूर्वी कधी माघारी फिरावयाचे, हे सर्व मेरी तेथेच शिकली. लिहिणेवाचणे ती चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकली. एवढेच तिचे शिक्षण.

१८१० साली रिचर्ड वारला. त्याला क्षय होता, शिवाय तो कड्यावरून पडलाही होता. मागे कर्ज आणि दोन पोरे. मेरी तेव्हा ११ वर्षांची. धान्य महाग झालेले होते. गावाकडून गरिबांना मिळणारी मदत घेऊन हे कुटुंब दिवस काढू लागले आणि बापाचा हौसेचा धंदा आता पोटाचा धंदा झाला.

१८११ साली जोसेफला कड्याच्या पायथ्याशी एक मोठी कवटी दिसली. चार फूट लांब! मगरीसारखा लांब जबडा, त्यात ओळीने दात, आणि डोळ्याची खोबण तर जेवणाच्या ताटलीएवढी. त्या खोबणीत हाडाच्या पाकळ्यांचे एक कडे बसविलेले. जोसेफ नंतर खुर्च्यांना गाद्या बसविण्याचे काम शिकावयास गेला. धड शोधण्याचे काम मेरीवर आले. दरडी कोसळत होत्या, चिखलाने सर्व झाकले होते. तिने जवळजवळ वर्षभर त्या जागेवर डोळा ठेवला आणि १८१२ मध्ये उरलेला सांगाडा शोधून काढला. मजूर लावून तो बाहेर काढला तेव्हा तो १७ फूट भरला. मेरी तेव्हा १२-१३ वर्षांची होती. त्या वयात आपल्या मुली सातवी-आठवीत असतात.

गावाजवळच्या एका जमीनदाराने तो सांगाडा २३ पौंडांना विकत घेतला. त्याच्याकडून तो लंडनच्या एका खासगी संग्रहालयात गेला. तेथे तिकीट लावून लोकांना दाखविला जाई. १८१९ मध्ये लिलावात ब्रिटिश म्युझियमने तो ४५ पौंडांहून थोड्या अधिक किमतीला घेतला. मगर म्हणावी तर मगर नव्हे, मासा म्हणावा तर मासा नव्हे, असा हा प्राणी. सर एव्हरार्ड होम या नामांकित शस्त्रवैद्यांनी १८१४ पासून त्यावर निबंध लिहिले. त्यांनी आधी एक म्हटले, मग दुसरे म्हटले. अखेर त्याचे नाव इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरडा, असे ठरले. हा पाण्यात राहणारा, हवेत श्वास घेणारा सरपटणारा प्राणी होता. आपल्याकडेही कच्छमध्ये लोडाई गावाजवळ अशाच प्राण्याचा साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा सापडला. ते वृत्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

होम साहेबांच्या निबंधात कवटी कोणी शोधली, धड कोणी शोधले, याचा उल्लेखच नाही. विकत घेणाऱ्याचे नाव राहिले, लिहिणाऱ्याचे राहिले, शोधणारीचे राहिले नाही. हे वाचल्यावर मला दिवाळीत फराळाची कामे घेणाऱ्या आपल्या भगिनी आठवल्या. चकली आपण गाळतो, पिशवीवर नाव दुकानाचे असते.

या कवटीच्या प्रतिकृती हल्ली विकत मिळतात, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. माझ्या पुतण्याला असल्या वस्तू जमविण्याचा नाद आहे. त्याच्या कपाटावर इक्थिओसॉरची कवटी आहे, खऱ्यापेक्षा लहान, पण दात न् दात मोजून घ्यावा अशी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिच्यावर फडके मारावयासही भीत होते. त्याने मला ती कशी करतात ते समजावून सांगितले. मूळ हाडावर रबरासारखा पातळ पदार्थ थरावर थर देतात. तो सुकला की त्याचा साचा होतो. साच्याला बाहेरून प्लास्टरचा कणखर आधार देतात, मग आत राळेसारखे रसायन ओततात. ते घट्ट झाले की साचा सोडवून वर रंग देतात. म्हणजे पेणच्या गणपतीच्या कारखान्यात चालते तसेच. मेरीच्या काळी असले साच्याचे रबर नव्हते, तेव्हा प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच प्रती काढीत आणि एका शहरातले विद्वान दुसऱ्या शहरातल्या विद्वानांना त्या पाठवीत. मूळ वस्तू एकच, पण अभ्यास अनेकांना करता येई. पुतण्याच्या कवटीच्या खोक्यावर प्राण्याचे लॅटिन नाव आहे, प्रमाण दिले आहे. ॲनिंग हे नाव मी पुष्कळ शोधले, ते नाही. म्हणूनच मी मुलीकडून तिच्याविषयी मिळेल ते आणवून वाचले.

असो. पुढची हकीकत.

पहिल्या सांगाड्याने ॲनिंगांचे दारिद्र्य गेले, असे कोणी समजू नये. असला सांगाडा काही रोज सापडत नाही. एकदा तर वर्षभर काही चांगले हाती लागले नाही, आणि भाडे भरण्यासाठी घरातले सामान विकण्याची पाळी आली. टॉमस बर्च नावाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी त्यांचे गिऱ्हाईक होते. त्यांना हे कळले. त्यांच्या स्वतःच्या संग्रहातील चांगले चांगले नमुने याच कुटुंबाने शोधलेले होते. त्यांनी १८२० मध्ये लंडनला तो सगळा संग्रह लिलावात काढला. सुमारे ४०० पौंड आले, ते त्यांनी ॲनिंग कुटुंबाला दिले. असेही लोक असतात. त्या लिलावात इक्थिओसॉरचा एक संपूर्ण सांगाडा १०० पौंडांना लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजने घेतला. हा सांगाडा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याची गोष्ट पुढे येणार आहे.

मेरी आता तरुण झाली होती. कुत्रा बरोबर, हातात टोपली आणि हातोडा, असे तिचे एक चित्र आहे. तिचे काम हिवाळ्यात अधिक. वादळ झाले की दरड कोसळते आणि नवे काही उघडे पडते, ते लगेच काढले नाही तर समुद्र घेऊन जातो. म्हणजे ज्या दिवशी शहाण्या माणसाने घरात शेगडीपाशी बसावे, त्या दिवशी हिने कड्याखाली जावे. १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरड कोसळली आणि तिचा लाडका कुत्रा ट्रे तिच्याखाली गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली. त्या कुत्र्याचे तिने फार दुःख केले, पण कड्याखाली जाणे थांबविले नाही. थांबवून चालणारही नव्हते.

तिचा सर्वांत मोठा शोध डिसेंबर १८२३ मधला. सुमारे नऊ फूट लांबीचा एक विलक्षण प्राणी. डोके लहान, मान सापासारखी लांबच लांब, अंग कासवासारखे, पायांच्या जागी चार वल्ही. त्याला प्लेसिओसॉर म्हणतात. याच्या विखुरलेल्या हाडांवरून असा काही प्राणी असावा, असे कॉनीबेअर नावाच्या विद्वानाने आधी म्हटले होते, पण अखंड सांगाडा कोणी पाहिला नव्हता. पॅरिसचे कुव्हिए हे त्या काळचे प्राणिशास्त्रातले बृहस्पती. त्यांनी चित्र पाहिले आणि शंका घेतली. इतके मणके असलेली मान असूच शकत नाही, कोणीतरी दोन प्राण्यांची हाडे जोडली असावीत, असे त्यांचे मत पडले.

यात मेरीचे काय पणाला लागले होते, ते पाहा. तिच्याजवळ पदवी नव्हती, घराणे नव्हते, पैसा नव्हता. तिच्या हाताला खोट ठाऊक नाही, एवढीच तिची पुंजी. कुव्हिएसारख्या माणसाने बनावट म्हटले, तर पुन्हा कोणी तिच्याकडून एक शंखही घेतला नसता. फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत यावर सभा झाली. ज्या बाईने चिखलात गुडघे टेकून तो सांगाडा सोडविला, ती त्या सभेत नव्हती. बायकांना तेथे प्रवेशच नव्हता. कॉनीबेअर यांनी निबंध वाचला, त्यातही तिचे नाव घेतले नाही. पण सांगाडा अस्सल ठरला. कुव्हिए यांनी आपली चूक मान्य केली. या मोठेपणाबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. आणि मेरीची दुकानदारी वाचली, एवढेच नव्हे, तर तिचा माल म्हणजे खात्रीचा माल, असे सर्वत्र झाले.

पुढे तिने काचेची खिडकी असलेले स्वतःचे दुकान घातले. दुकान लहानसे, पण तेथे मोठमोठे प्रोफेसर येऊन जात. सॅक्सनीचा राजाही १८४४ मध्ये येऊन इक्थिओसॉरचा सांगाडा घेऊन गेला. १८२८ मध्ये तिने एक उडणारा सरपटणारा प्राणी शोधला, तसा इंग्लंडात आधी सापडला नव्हता. गावातील एलिझाबेथ फिल्पॉट ही सधन घरची बाई तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी, पण दोघींची जिवाभावाची मैत्री. पूर्वी माकुळासारखा एक प्राणी असे, त्याच्या जीवाश्मात सुकलेल्या शाईची पिशवी शिल्लक राहिलेली मेरीला आढळली. एलिझाबेथने ती शाई पाण्यात कालविली आणि तिने चित्रे काढली! कोट्यवधी वर्षांची शाई! मला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग फार आवडतो. दोन बायका टेबलाशी बसून वाटीत शाई कालवीत आहेत, हे माझ्या डोळ्यांपुढे येते.

ती नुसती वेचणारी होती, असे मात्र समजू नये. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून ती मोठमोठे शास्त्रीय निबंध उसने आणी आणि स्वतःच्या हाताने उतरवून घेई, चित्रांसकट. मासा किंवा माकूळ आणून ती चिरून आतली रचना पाही, म्हणजे दगडातल्या हाडाचा अर्थ लागे. आपण रोज मासळी साफ करतो, पण काटा कोठे आणि कसा बसलेला आहे हे पाहून ठेवण्याचे आपल्या मनात येत नाही. सांगाड्यांच्या पोटाशी काही गोळे असतात, ते फोडले की आत माशांचे काटे व खवले निघतात, हे तिने पाहिले होते. ती त्या प्राण्यांची विष्ठा आहे, असे पुढे बकलंड या प्रोफेसरांनी जाहीर केले. विद्वान लोक तिच्याशी चर्चा करीत, तिच्याबरोबर कड्याखाली हिंडत आणि परत जाऊन स्वतःच्या नावाने लिहीत. याचे तिला वैषम्य वाटे, आणि उतारवयात ती ते बोलूनही दाखवी. का वाटू नये?

सर्वच तसे होते असे नाही. तिचा लहानपणचा मित्र हेन्री डे ला बीच याने १८३० मध्ये तिच्या शोधांवरून प्राचीन समुद्राचे एक चित्र काढले. त्यात हे सर्व प्राणी एकमेकांना खात, पोहत, उडत आहेत. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे त्याने तिला दिले. लुई अगासिझ या स्विस शास्त्रज्ञाने दोन प्राचीन माशांना तिचे नाव दिले. पुढे तिने साठविलेला पैसा एका गुंतवणुकीत बुडाला, तेव्हा बकलंड यांनी खटपट करून तिला सालीना २५ पौंड मिळतील अशी तजवीज केली.

अखेरची वर्षे दुखण्यात गेली. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. वेदना शमविण्यासाठी ती अफूचा अर्क घेई, आणि गुंगीमुळे झोक जाई. गावातल्या लोकांनी म्हणावयास सुरुवात केली की ही दारू पिते. बाईला दुखणे झाले तरी लोक तिची अब्रूच तपासतात. ९ मार्च १८४७ रोजी, ४७ व्या वर्षी ती वारली. जिऑलॉजिकल सोसायटीत डे ला बीच यांनी तिच्यावर मृत्युलेख वाचला. बाईसाठी असे तेथे प्रथमच घडले. बायकांना सभासद करून घ्यावयास त्या संस्थेला १९१९ साल उजाडले. १८५० मध्ये गावातल्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसविली, ती आजही आहे. तिचे घर होते त्या जागी आता गावचे संग्रहालय आहे. एका शाळकरी मुलीने आणि तिच्या आईने पुढाकार घेऊन वर्गणी जमविली आणि २१ मे २०२२ रोजी, तिच्या जन्मदिवशी, गावात तिचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यात ती कड्याकडे चाललेली आहे, बरोबर ट्रे आहे.

पहिल्या मत्स्यसरड्याची चार फुटी कवटी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये पाहावयास मिळते. धड मात्र कोठे गेले त्याचा पत्ता नाही.

आता तो १०० पौंडांचा सांगाडा. तोही मेरीनेच शोधला होता, असे अभ्यासक मानतात. शंभराहून अधिक वर्षे तो रॉयल कॉलेजात होता. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४१ मध्ये, लंडनवर जर्मन विमानांनी बाँब टाकले, त्यात तो नष्ट झाला. जगातला पहिला संपूर्ण इक्थिओसॉर गेला. उरले ते १८१९ च्या निबंधाबरोबर छापलेले चित्र. त्याची प्रतिकृती कोणी काढल्याची कोठे नोंद नव्हती.

२०१६ मध्ये डीन लोमॅक्स व ज्युडी मसारे हे दोन संशोधक अमेरिकेत येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयातले जुने नमुने पाहत होते. तेथे प्लास्टरचा एक सांगाडा त्यांना दिसला. चित्राशी ताडून पाहता ती बाँबमध्ये गेलेल्या सांगाड्याचीच प्रतिकृती निघाली. तो कसला आहे, हे तेथे कोणालाही ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयात दुसरी प्रत सापडली. दोहोंचा अभ्यास त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात मेरी ॲनिंगचे नाव घातले आहे. ज्या देशाच्या विमानांनी मूळ सांगाडा जाळला, त्याच देशाच्या राजधानीत त्याची प्रत शाबूत राहिली होती.